साहेबांचे सांधे

धानोऱ्याला बदलून आलो, त्या आठवड्यात रोज पहाटे साडेपाचला एका विनवणीनं जाग यायची. "साहेब, उठता का? उठा साहेब. थोडं आंग हलवा. थांबा, थांबा, मी धरतो."

मुरूमगावकडं जाणाऱ्या रस्त्यालगत एका घराच्या पुढच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या होत्या. घरमालक सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. गाव त्यांना बडेबाबू म्हणे, अजूनही म्हणतं. मला वाटलं, नोकरीतले जुने कुणी अधिकारी आजारपणात यांच्याकडं राहायला आलेत. चार दिवस हे ऐकल्यावर, भेटायला न जाणं बरं दिसत नाही म्हणून पाचव्या दिवशी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मागच्या पडवीत गेलो. साहेब फरशीवर आडवे पडले होते. रंग पिवळट, जीभ बाहेर, पोट जमिनीवर दोन्ही बाजूंनी पसरलेलं. शेपूट दोनदा आपटून त्यांनी माझी भेट मंजूर केली.

कुत्रा लॅब्राडोर. मुलानं नागपुरात हौसेनं घेतला, मग मुलाची नोकरी पुण्याला गेली, तिथल्या सोसायटीत कुत्रा चालेना, आणि जिथं नातवंडांच्या जुन्या सायकली येतात तिथं कुत्राही आला, म्हणजे धानोऱ्याला. नाव बडेबाबूंनी ठेवलं. "पस्तीस वर्सं साहेबाले 'बसा साहेब' म्हनलो. म्हटलं, आता एकाले तरी 'साहेब, बस' म्हनून पाहू." सूड गोड होता, पण जिभेनं दगा दिला. पस्तीस वर्षांचं वळण. तोंड उघडलं की 'बसा'च निघायचं. नऊ वर्षांचा तो कुत्रा आजपर्यंत एकेरीत आलेला नाही. काकूंची यावर एकच तक्रार आहे. "कुत्र्याले अहोजाहो करते, आन् मले 'अवो' म्हनून हाक मारते."

तर या साहेबांना संधिवात झाला. सकाळी उठताना मागचे पाय जड, दोन पायऱ्या चढायच्या तर आधी विचार, थंडीत जास्त, जरा चाललं की थोडं मोकळं. सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. ते झिजतं आणि एकदा झिजलं की पूर्ववत होत नाही. उरतं ते फक्त दुखणं कमी करणं. एवढ्यावर कोणीही साधा माणूस थांबला असता. पण बडेबाबूंनी त्याच दिवशी नवी नस्ती उघडली. लाल दोरी, वर ठळक अक्षरात 'साहेब : सांधे', आत अनुक्रमांक घातलेली पानं, शेजारी आवक-जावक रजिस्टर. कोणतं औषध कधी आलं, कोणी सुचवलं, किती दिवस दिलं, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. सगळे शेरे एकाच वळणाचे: 'सुधारणा दिसते. चालू ठेवावे.'

माणसांचा एक नमुना आहे आणि तो दर गावात निदान एक असतोच. याला औषध कोणतंही चालतं, पथ्य मात्र एकही चालत नाही. कारल्याचा रस उपाशीपोटी नाक दाबून पिईल, आणि तो पचला पाहिजे म्हणून वर जिलेबी खाईल. मेथ्या भिजवून खाईल, जांभळाच्या बियांची भुकटी फाकेल, तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिईल, पण "भात थोडा कमी करा" म्हटलं की याचा चेहरा असा होतो, जणू घराण्याच्या अब्रूवर बोट ठेवलं. उपचार म्हणजे काहीतरी पोटात घालणं, पोटातून काढून घेणं नव्हे, अशी याची पक्की समजूत. बडेबाबू या पंथाचे आहेत. त्यांना स्वतःला साखर आहे आणि गुडघेही आहेत. "जिल्हा झाला 26 ऑगस्ट 1982 ले," ते सांगतात, "चंद्रपुरातून फोडून. मी लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी. म्हनून गडचिरोली जिल्ह्याच्या फाइली आन् माझे गुडघे संगंच झिजले." स्वतःवर पंथाचे सगळे प्रयोग करून झाल्यावर त्यांना एक नवा देह सापडला होता, जो बोलत नव्हता आणि पेढा दिला की काहीही गिळत होता. निदान तसं वाटत होतं.

जुन्या लोखंडी कपाटाचा एक खण साहेबांच्या नावे झाला. त्यात ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनचा डबा, ज्यावर एक परदेशी कुत्रा हिरवळीवरून उडी मारतोय. तो पुण्याहून मुलानं पाठवलेला. ग्लुकोसामाइन काढतात कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांतून, हे वाचून बडेबाबू क्षणभर हळवे झाले. "इतले वर्सं झिंग्याचे टरफलं फेकलो नं जी!" त्याच्या शेजारी न्यूझीलंडच्या हिरव्या शिंपल्यांची भुकटी. मग माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. हळद, मिरी आणि तूप यांच्या घरी वळलेल्या गोळ्या. हाडजोडीच्या वाळलेल्या कांड्या, कोणीतरी बाजाराच्या दिवशी आणून दिलेल्या. बाटलीत टोळीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं. ते वरून चोळायला. चोळून झालं की साहेब ते चाटून टाकायचे, म्हणून रजिस्टरात ते 'बाह्य व आंतर' अशा दोन्ही रकान्यांत होतं.

या खणातल्या एका डब्यानं मात्र घरात वादळ केलं. वर नाव होतं 'बॉस्वेलिया सेरेटा'. बडेबाबूंनी मला विचारलं, हे काय असते? मी फोनवर पाहिलं आणि म्हटलं, बाबू, ही आपली सालई. बडेबाबू दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. विदर्भाच्या कोरड्या टेकड्यांवर उभी असते ती सालई. तिचा डिंक म्हणजे सालई गुग्गुळ. "म्हंजे आपल्याच जंगलातला डिंक, आपल्यालेच, डब्ब्यात घालून, कुत्र्याचा फोटो चिकटवून?" पुढचे दोन दिवस जो भेटेल त्याला ते डबा दाखवत होते. इथून तीन किलोमीटरवर मेंढा-लेखा आहे. तिथल्या ग्रामसभेला 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि गाव आपला बांबू आपण विकू लागलं. त्या बाजूचे एक ओळखीचे आजोबा पडवीत बसले होते. त्यांनी डबा उलटसुलट पाहिला, किंमत विचारली, हसले, आणि साहेबांकडं बोट दाखवून म्हणाले, "याले जाचा आहे कुठी?" एवढंच. आमच्या गावची कुत्री लंगडत का होईना माणसामागं जंगलात जातात, असं त्यांना म्हणायचं असावं. बडेबाबूंनी नस्तीत नोंद केली: 'एका आदिवासी जाणकारांनी पाहणी केली. अभिप्राय राखून ठेवला.'

मेंढ्याचे निर्णय सगळ्यांच्या सहमतीनं होतात हे प्रसिद्धच आहे. बडेबाबूंच्या घरातही निर्णय सहमतीनंच होतात, फक्त ती साहेबांची लागते.

आता खरी गोम. गोळी कुत्रा नुसती खात नाही. तिला वाहन लागतं. बडेबाबूंनी आधी गूळ करून पाहिला, मग तुपातली पोळी, आणि शेवटी पेढ्यावर स्थिरावले. गोळी एक ग्रॅमची, पेढा पंचवीस ग्रॅमचा. दिवसाला पाच गोळ्या, पाच पेढे. एका रविवारी पाचवीच्या मुलांचे गणिताचे पेपर तपासता तपासता माझ्या हातून हाही हिशेब होऊन गेला: साहेबांच्या सांधेदुखीवर महिन्याला पावणेचार किलो पेढे खर्ची पडत होते. शिवाय दोन वेळचा भात, कारण हा धानाचा मुलुख आणि भात न खाणाऱ्या प्राण्याबद्दल इथं संशय घेतात. शिवाय समोरच्या हॉटेलातला सकाळचा अर्धा आलूबोंडा, तो साहेबांना मानधन म्हणून मिळत असे.

आणि माझ्या खिडकीतून एक गोष्ट दिसायची, जी बडेबाबूंना पाठ वळवल्यामुळं कधीच दिसली नाही. ते पेढा भरवायचे, डोक्यावरून हात फिरवायचे आणि नोंद करायला आत वळायचे. मग साहेब जबडा सावकाश हलवत पेढा विरघळवायचे, मान कलती करायचे, आणि जिभेच्या टोकावरून गोळी अलगद जमिनीवर ठेवायचे. अगदी नीट, फेकत नसत. शेजाऱ्यांची एक तांबडी कोंबडी कुंपणाजवळ याच क्षणाची वाट पाहत असायची. ती यायची, गोळी टिपायची आणि जायची. ग्लुकोसामाइन, शिंपला, सालई, जे असेल ते. पोळ्याच्या पाडव्याला शेजाऱ्यांनी ती कोंबडी कापायचं ठरवलं, तेव्हा तीन तरणीताठी पोरं अर्धा तास तिच्यामागं धावली आणि ती शेवटी कवेलूंवर जाऊन बसली. शेजारी म्हणाले, इतक्या वर्षांत अशी पळणारी कोंबडी पाहिली नाही. मी काही बोललो नाही. सांगावं असं अनेकदा वाटलं, पण मी भाडेकरू, त्यात परजिल्ह्यातला. आणि शेऱ्याच्या रकान्यात 'सुधारणा दिसते' लिहिताना त्या माणसाचा चेहरा असा काही उजळायचा की हिंमत होईना.

एकदा मात्र गंमत राहिली नाही. कडाक्याच्या थंडीत साहेब उठेचनात, तेव्हा बडेबाबूंनी स्वतःच्या गुडघ्याची गोळी अर्धी मोडली. काकूंनी हात धरला म्हणून बरं. त्यांनी मला हाक मारली आणि आम्ही तिघांनी साहेबांना शेजारच्या ऑटोत घातलं. चौथे स्वतः साहेब, त्यामुळं ऑटोवाल्यानं पुढचं चाक उचलतंय का ते दोनदा पाहिलं.

ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम तरुण, नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या. आधी त्यांनी ती अर्धी गोळी मागून घेतली. "काका, माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला कधीच द्यायच्या नाहीत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉलसुद्धा. पोटात व्रण होतात, मूत्रपिंड जातं, यकृत जातं. कुत्र्यासाठीची वेदनाशामकं वेगळी आहेत. ती वजन पाहून, रक्त तपासून मी देईन." मग थोडं थांबून म्हणाल्या, "गिधाडं कशी गेली, ठाऊक आहे ना?" गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचायचे. ते ढोर मेलं की गिधाडं खायची, आणि त्या औषधानं त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. आकाशच्या आकाश रिकामं झालं. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आपल्या जिल्ह्यात वनविभागानं कुनघाड्याच्या बाजूला गिधाडांसाठी उपाहारगृह केलं, मेलेली, पण औषध नसलेली जनावरं टाकायला. बडेबाबू गंभीरपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "गिधाडाले हॉटेल! आमच्या हापिसाले पस्तीस वर्सं कँटीन नाई भेटली."

मग नस्ती उघडली गेली. मॅडमनी ती सगळी वाचली, आणि याबद्दल त्यांच्याविषयी माझा आदर कायमचा वाढला. कॅनडातल्या माँट्रियालच्या संशोधकांनी कुत्र्या-मांजरांच्या संधिवातावरच्या अशा पूरक खाण्यांचे बहात्तर प्रयोग एकत्र करून 2022 मध्ये पाहिले, त्या सांगू लागल्या. त्यात माशाच्या तेलातल्या ओमेगा-3 ला खरा आधार सापडला. ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनला नाही. ते देऊच नका, असंच त्यांनी म्हटलंय.

"डब्बा अर्धा आहे नं जी अजून," बडेबाबू म्हणाले. "संपू द्या. शिल्लक माल असा निर्लेखित करता येत नाई."

सालईचं? स्वित्झर्लंडमध्ये 2004 साली एकोणतीस कुत्र्यांना सहा आठवडे तिचा डिंक देऊन पाहिला होता. बरीच सुधारली म्हणे. पण खोटी गोळी दिलेला दुसरा गट तुलनेला नव्हताच, त्यामुळं डिंकानं सुधारली की दिवसांनी, ते सांगणं अवघड. आणि माशाचं तेल चांगलं तर जवसाचं का नको, जवस तर आपल्या बांधावरचा? मॅडम म्हणाल्या, जवसातला ओमेगा-3 वेगळ्या रूपात असतो. तो कामाच्या रूपात बदलणं कुत्र्याच्या शरीराला फारसं जमत नाही. तेल हवं ते थंड समुद्रातल्या माशांचं, तेही मापात. जास्त झालं तर पातळ शी होते आणि तेल म्हणजे शेवटी चरबीच, वजन वाढतं. यावर बडेबाबूंनी कठाणी नदीचे मासे तळून चालतील का, असं विचारून पाहिलं. मला वाटतं, हा प्रश्न साहेबांसाठी नव्हता.

"काका, एक गंमत सांगते," मॅडम म्हणाल्या. "अमेरिकेत एक पाहणी झाली, 2012 ची. लंगडणाऱ्या कुत्र्यांना नुसत्या खोट्या गोळ्या दिल्या. पाय किती जोरानं टेकतो ते मोजणारी पाटी असते, तिच्यावर चालवलं. पाटी म्हणे, फरक नाही. पण कितीतरी मालक म्हणाले, आमचा कुत्रा सुधारला. तपासणारे डॉक्टरही फसले."

बडेबाबूंनी चष्मा काढला. "म्हंजे गोळी कुत्र्यानं खाची, आन् बरं मालकाले वाटते?"

"हो."

"मंग तं चांगलीच आहे नं गोळी!"

कुत्रा गोळी खातच नसेल तर काय होत असेल, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. मी भिंतीवरचा लाळ्या-खुरकूताचा तक्ता वाचू लागलो.

मॅडमनी साहेबांना काट्यावर चढवलं. त्रेचाळीस किलो. "याचं खरं औषध हे," त्या काट्यावर बोट ठेवून म्हणाल्या. लठ्ठ, लंगडणाऱ्या कुत्र्यांचं वजन सहा टक्क्यांच्या आसपास उतरलं तरी लंगडणं कमी होतं, असं 2010 च्या एका अभ्यासात दिसलं. साहेबांच्या बाबतीत म्हणजे अडीच किलोंच्या थोडं वर. फार नाही. शिवाय रोज दोनदा सपाटीवर थोडं थोडं चालवा, नखं कापा, आणि घरात स्टाईल असेल तर गोणपाट अंथरा. बडेबाबूंचा चेहरा पडला. ती चकचकीत स्टाईल त्यांनी निवृत्तीच्या पैशातून बसवली होती, आणि साहेब तिच्यावरून रोज चौफेर घसरत होते. आणखी एक दाखला मॅडमनी दिला. अठ्ठेचाळीस लॅब्राडोर पिल्लं, एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या केल्या. एकाला वाटीभर तर दुसऱ्याला पाव हिस्सा कमी, जन्मभर. 2002 मध्ये निष्कर्ष आले. कमी खाणारी जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचा संधिवातही उशिरा आला.

हे ऐकून बडेबाबूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "भावाले वाढून रायले, आन् हा बाजूनं पाहून रायला, जन्मभर? शिव शिव!" रजिस्टरात त्या अभ्यासापुढचा शेरा मी नंतर वाचला: 'अमानुष. अनुकरण करू नये.'

तरी गोणपाट आलं, नखं कापली गेली, कुत्र्यासाठीचं वेदनाशामक मापानं सुरू झालं, आणि पहाटेचं फिरणंही. हे सगळं मान्य करायला हवं. पुढं साहेब, मागं पट्टा धरून बडेबाबू. दोघांची चाल एकसारखी, दोघंही डावीकडं झुकून. दर पन्नास पावलांवर एक थांबायचा आणि दुसऱ्याला बरं वाटायचं. गावात या जोडीची वेळ ठरली, आणि वेळ ठरली तशी वाटेतली चार घरं साहेबांसाठी काही ना काही राखून ठेवू लागली. भाताची खरवड, पोळीचा तुकडा, एकीकडं तर चक्क रात्रीचं मटण. बडेबाबू नको म्हणायचे, पण ज्या आवाजात आपण लग्नात वाढप्याला नको म्हणतो त्या आवाजात.

दोन महिन्यांनी फेरतपासणी होती. मॅडमकडं जाण्याआधी 'अंतर्गत तपासणी' करून घ्यावी म्हणून बडेबाबू साहेबांना घेऊन बाजारातल्या मोहफुलांच्या व्यापाऱ्याकडं गेले. मी नस्ती धरून बरोबर. मोठा काटा, पोती सारून साहेबांना चढवलं. आकडा आला त्रेचाळीस. तसूभर कमी नाही. बडेबाबू पांढरे पडले. मला खरंच वाईट वाटलं, कारण या माणसानं साठ दिवस पहाटे उठून गुडघे घासले होते.

व्यापाऱ्याचं लक्ष मोबाइलमध्ये. त्यानं आकडा पाहिला आणि सवयीनं पावती खरडली. "त्रेचाळीस. ओलावा कटती शेकडा सहा. चाळीस किलो चारशे वीस ग्रॅम. कोणाच्या नावे?"

बडेबाबूंनी पावती घेतली. दोनदा वाचली. पस्तीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या सह्यांवर शंका घेतली, त्यांना कागदावर आलेला आकडा नाकारणं शक्य नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी रस्त्याकडं. घरी येऊन त्यांनी ती पावती नस्तीला टाचली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'निर्देशित सहा टक्के घट साध्य. मूळ पावती सोबत. नस्ती मॅडमकडे सविनय सादर.'

मग कपाटाशी न जाता थेट डब्यातून पेढा काढला. "आज गोळी नाई," ते म्हणाले. "आज आनंदाचा." साहेबांनी तोंड उघडलं. पेढा गेला. सवयीनं जबडा सावकाश हलला, मान कलती झाली, जीभ आतल्या आत फिरली, गालांत शोधून आली, पुन्हा फिरली. काहीच सापडेना. साहेबांनी बडेबाबूंकडं बराच वेळ संशयानं पाहिलं आणि शेवटी सगळंच गिळलं.

तांबडी कोंबडी कुंपणापाशी आली होती. एक पाय उचलून ती बराच वेळ थांबली.